मागे दाटी होते

दिवा असाच राहू दे. डोळ्यांवर येत असेल तर थोडा तिकडे सरकवतो, पण विझवत नाही. तुम्ही विचारलंत ना, गाडी खाली उभी असताना मी सगळीकडे बसने का जातो? सांगतो. मात्र सुरुवात भुताखेतांची नाही. सुरुवात आहे एका स्क्रूड्रायव्हरची आणि माझ्या हट्टाची.

हट्ट असा, की घरातलं कुठलंही काम मी दुसऱ्याला करू देत नाही. नळ गळू दे, पंखा कुरकुरू दे, मीच खोलणार, मीच लावणार. आमची ही म्हणते, तुझी दुरुस्ती म्हणजे आजारापेक्षा औषध भयंकर. खोलल्यावर दोन-चार तुकडे शिल्लक राहतात हे खरं आहे, पण वस्तू चालतात. अर्धवट काम मात्र मला खपत नाही. कुणी दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं असलं तरी खपत नाही, आणि हेच पुढे नडलं.

गाडी आम्ही जुनीच घेतली होती. विकणारा गृहस्थ तुटक बोलायचा. चावी माझ्या हातात देताना म्हणाला, "मागची सीट नव्यासारखी आहे. मागे कुणी बसतच नव्हतं." मला ते गाडीचं कौतुक वाटलं. आम्हाला मुली दोन. थोरलीला माऊ म्हणायचो, धाकटीला ठकी. तेव्हा ठकी एवढीशी होती, उजव्या खिडकीशी लहान मुलांच्या उंच कडांच्या खुर्चीत बांधलेली. माऊ डाव्या खिडकीशी. मधली जागा रिकामी.

गाडी सुरू झाली की थोड्या वेळाने माऊची तक्रार यायची, "बाबा, मागे दाटी होते."

मी हसायचो. "दोन चिमण्या बसल्यात आणि म्हणे दाटी! मग काय, टपावर बसतेस?"

ती पण हसायची आणि दाराला आणखी चिकटून बसायची. प्रवासाहून घरी आलो की तिचा उजवा हात गार पडलेला असायचा. फक्त उजवा. ही तो हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळत बसायची आणि रागवायची, "खिडकी लाव म्हटलं तर ऐकायचं नाही कार्टीने." खिडकी तिच्या डाव्या हाताला होती, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग माऊ आजारी पडली. आधी भूक गेली, मग चेहऱ्यावरचा रंग गेला, मग उठून बसण्याची ताकद गेली. डॉक्टर बदलले, औषधं बदलली, रक्त इतक्या वेळा काढलं की सुई बघून तिने रडणंही सोडून दिलं. शेवटपर्यंत कुणी आजाराचं नाव सांगू शकलं नाही. एका सकाळी हिच्या हातात हात असतानाच ती गेली. ही त्यानंतरही बराच वेळ तो हात चोळत होती. मी बघत होतो, थांब म्हणायचं धाडस मला झालं नाही.

त्यानंतर आमचं घर म्हणजे नुसत्या भिंती. ही बोलायची, स्वयंपाक करायची, ठकीची वेणी घालायची, पण सगळं दुसऱ्या कुणाचं तरी काम उरकून देत असल्यासारखं. कुठे बाहेर पडायला तयार नसायची. अखेर तिची आईच फोनवर रडली, तेव्हा म्हणाली, "जाऊ आईकडे. चार दिवस राहून येऊ." मला वाटलं, गाडं जरा रुळावर येतंय.

पण रस्ता लांबचा. ठकी आता मोठी झाली होती, ती उंच खुर्ची सुटली होती, आणि तिने आपणहून ताईची जागा घेतली होती, डाव्या खिडकीशी. गाडीत बसलं की शेजारी बघायची आणि गप्प व्हायची. कधी रडायला लागायची. तिचं लक्ष दुसरीकडे वळवायला हवं म्हणून मी ते स्क्रीन आणले. पुढच्या सीटवर डोकं टेकायचा जो भाग असतो ना, त्याच्या पाठीत बसणारे. मागच्या माणसाने समोर बघत बसायचं, गाणी, गोष्टी, काय हवं ते.

खोका उघडला तर आत दोन.

"दोन कशाला?" हिने विचारलं.

"जोडीच मिळते," मी म्हणालो. म्हणालो आणि जीभ चावली. ती उठून आत गेली.

एका रविवारी दुपारी मी कामाला लागलो. घराखालीच आमची गाडी ठेवायची जागा आहे, तीन बाजूंनी भिंत आणि पुढे लोखंडी शटर. ऊन येत होतं म्हणून शटर अर्ध्यावर ओढलं. आत ऑइलचा, रबराचा आणि बंद राहिलेल्या गाडीचा वास. काम म्हटलं तर सोपं. टेक्याच्या खालच्या दोन दांड्या पोकळ असतात, त्यातून वायर खाली सोडायची, सीटच्या पाठीचं कव्हर खालून सोडवून ती वायर तारेच्या आकड्याने बाहेर ओढायची, गालिच्याखालून पुढे न्यायची आणि फ्यूजच्या डबीतून वीज घ्यायची. तीही अशा ठिकाणाहून घ्यायची, की चावी बंद केली की स्क्रीन बंद. नाहीतर रात्रीत बॅटरी झोपते. मी दोनदा तपासून जोडणी केली. एवढं सांगतो कारण पुढे सगळ्यांनी हेच म्हटलं, वायरिंग चुकलं असेल. वायरिंग चुकलं नव्हतं.

शेवटचा स्क्रू लावताना तो निसटला आणि मागच्या सीटखाली घरंगळला. बॅटरी मारून बघितली, दिसेना. म्हणून मागच्या सीटची बैठकच उचलली. खाली बिस्किटांचा चुरा, एक खडू आणि माऊची एक केसांची पिन. निळी, फुलपाखराची. ती शोधण्यासाठी तिने एकदा घर डोक्यावर घेतलं होतं. मी ती पिन हातात घेऊन तिथेच बसलो, गाडीच्या दारात, पाय बाहेर सोडून. रडू यायला काय लागतं माणसाला.

डोळे पुसले आणि मग ते दिसलं. मधल्या जागेखालून एक वायर निघत होती. तिचा जोड कुणीतरी सोडवून ठेवला होता, आणि सुट्या टोकावर लहान मुलाचा मोजा चढवून तो दोऱ्याने गच्च बांधला होता. वेढ्यावर वेढे, गाठीवर गाठी.

वायर कसली ते मला ठाऊक होतं. मागच्या प्रत्येक बैठकीखाली एक चकती असते. कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, तर पुढे लाल दिवा लागतो आणि टिंग टिंग वाजत राहतं. मधल्या जागेचं ते कुणीतरी बंद करून टाकलं होतं. मी मनात त्या माणसाला शिव्या दिल्या. बिघाड शोधायचा सोडून वायरच उपटली! आणि टेप मिळाली नाही म्हणून पोराचा मोजा! मी दोरा कापला, मोजा काढला, जोड पुसून बसवला. खट् असा आवाज आला. हत्यारांची पिशवी मधल्या जागेवर ठेवून बघितली, पुढे लाल दिवा लागला. उचलली, विझला. उत्तम चालत होतं. कसला बिघाड अन् कसलं काय.

ही चहा घेऊन आली तेव्हा तो मोजा बाजूला पडला होता. तिने तो उचलला, उलटसुलट करून पाहिला.

"हा आपला नाही," ती म्हणाली.

"नसेल. आधीच्या मालकाच्या पोराचा असेल."

तिने तो टाकून दिला नाही. बोटांत घट्ट धरून वर घेऊन गेली.

संध्याकाळी आम्ही तिघं एक चक्कर मारायला निघालो, स्क्रीन कसे चालतात ते बघायला. ठकी खूश होती. समोर अस्वलाची गोष्ट लागली होती, दुसऱ्या स्क्रीनवरही तीच लागली होती, कारण जोडीच ती. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला, दिवे लागायची वेळ. आणि टिंग टिंग सुरू झालं.

मी खाली बघितलं. मधल्या जागेचा लाल दिवा.

"ठकी, मधे काय ठेवलंयस?"

"काही नाही."

हिने मागे वळून बघितलं. सीट रिकामी. ठकी दाराशी अंग चोरून बसलेली. मी गाडी कडेला घेतली, उतरलो, सीट चाचपली, थोपटली. सीट गार होती, बाकी काही नाही. पुन्हा निघालो, पुन्हा वाजायला लागलं. तेव्हा हिने हात मागे नेला आणि मधल्या जागेचा पट्टा ओढून लावून टाकला. आवाज थांबला.

मग ही हळूच म्हणाली, "तिने धाकटीला खिडकी दिली... आणि स्वतः मधे सरकली."

माझ्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. खरं सांगतो, मी हसलो. कारण माऊ तशीच होती. आधी भांडायची आणि मग हवं ते धाकटीच्या हातात ठेवून मोकळी व्हायची. आरशातून मागे बघितलं. पट्टा रिकाम्या सीटवर सपाट पडायला हवा होता ना? तो सपाट नव्हता. पोटावरून गेल्यासारखा मधे उचललेला होता.

कुणीही शहाणा माणूस तिथेच गाडी सोडून पळाला असता. पण ज्यांचं मूल गेलंय ते शहाणे नसतात. आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा निघालो. तिसऱ्या दिवशीही. आजीकडे जाणं राहिलंच, आम्ही गावातल्या गावातच गोल फिरायचो. लाल दिवा लागायची वाट बघायचो. लागला की ही मागे हात नेऊन पट्टा लावायची आणि मग पुढे बघत गप्पा मारायची. आज काय केलं, ठकीच्या बाईंनी काय सांगितलं, आजीचे गुडघे कसे आहेत. मध्येच म्हणायची, "ऐकतेयस ना, माऊ?" घरी परत आलो की आधी ठकीला उतरवायची, मग मागचं दार तसंच उघडं धरून उभी राहायची, कुणी तरी सावकाश उतरतंय असं. "चल गं, घर आलं. चल आत." आणि रिकामा हात धरून पायऱ्या चढायची.

तिच्या गालांवर रंग आला होता. ती जेवायला लागली होती. मी का अडवू?

मग तिनेच माऊचे जुने व्हिडिओ त्या स्क्रीनवर लावायला सांगितले. मी लावले. एक तिला फार आवडायचा. बागेतला झोका, माऊ उभ्याने झोके घेतेय, वर जाते आणि ओरडते, "बाबा, बघतोयस ना?" आणि मग खळखळून हसते. रोज तोच लागायचा. दोन्ही स्क्रीनवर माऊ वर जायची, खाली यायची.

एका संध्याकाळी ती स्क्रीनवर हसली आणि तिच्या पाठोपाठ, किंचित उशिरा, मागच्या सीटवरून कुणीतरी हसलं.

हिने माझा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मीही. आम्ही दोघं पुढे बसून असे रडत-हसत होतो, आणि मागे ते हसणं पुन्हा आलं. आधी जरा खरखरीत, मग जरा जमून आल्यासारखं. ठकी काय करत होती, ते मी बघितलं नाही. हे मात्र मला आजही खातं. आम्ही आमच्या गेलेल्या मुलीसाठी इतके वेडे झालो होतो की असलेल्या मुलीकडे बघायचं विसरलो.

एकदा ठकीला अंघोळ घालताना तिने आपणहूनच विषय काढला. साबणाचा फेस उडवत, अगदी सहज.

"बाबा, मला नाही यायचं गाडीत."

"का गं? ताई असते ना तुझ्याबरोबर."

तिने माझ्याकडे बघितलं. लहान मुलं मोठ्यांकडे कीव आल्यासारखी बघतात ना कधी कधी, तसं.

"ती ताई नाही," ती म्हणाली. "ती ताईसारखं हसायला शिकतेय. बघून बघून."

माझा हात तसाच राहिला. नळाचं पाणी बादलीत पडत होतं.

"कोण आहे मग?"

"माहीत नाही. ती आधीपासूनच होती." ठकीने फेस फुंकला. "ताई तिला रोज म्हणायची, सरक ना जरा... सरक ना."

मी तिला टॉवेलात गुंडाळून हिच्याकडे दिलं आणि खाली गेलो.

बाहेर अजून उजेड होता, पण शटर खाली होतं, त्यामुळे आत अंधारायला लागलं होतं. गाडीचं मागचं दार उघडून मी ठकीच्या जागेवर बसलो. डावी खिडकी. दार लावून घेतलं. चावी माझ्या खिशात होती, स्क्रीन बंद होते. मी दोनदा तपासून जोडणी केली होती हे तुम्हाला सांगितलंच आहे.

आधी काहीच नाही. माझाच श्वास. बिस्किटांचा शिळा वास, आणि त्याखाली आणखी एक, ओल्या लोकरीसारखा. बंद स्क्रीनची काळी काच समोर होती, आणि अशा काचेत माणूस दिसतो. मी दिसत होतो. माझं कपाळ, माझा खांदा. मग डोळे अंधाराला सरावले, तशी माझ्या खांद्याशेजारी आणखी एक आकृती दिसायला लागली. लहान. मान खाली घातलेली, केस पुढे आलेले. मी शेजारी वळून बघितलं नाही. वळता आलं नाही.

माझा उजवा हात सीटवर होता. तो गार पडत चालला होता, बोटांपासून वर.

"माऊ...?" मी म्हणालो.

काही नाही.

"माऊ नाहीस ना तू?... कोण आहेस?"

काचेतली मान हळूहळू वर झाली. चेहरा दिसला नाही, तिथे अंधारच होता. पण आवाज माझ्या कानाशी आला. माझ्या लेकीचा आवाज, झोक्यावरून वर जाताना येतो तसा, धापा टाकत, आनंदाने फुललेला.

"बाबा, बघतोयस ना?"

गाडी बंद. स्क्रीन बंद. झोका नाही, बाग नाही. आणि मग ते हसणं. आता अगदी हुबेहूब जमलं होतं.

मी दार कसं उघडलं ते आठवत नाही. शटर वर करून उजेडात उभा राहिलो तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता. भानावर आल्यावर पहिलं काम केलं ते हे, की परत आत गेलो. शटर पूर्ण उघडं ठेवून, मागची बैठक उचलून तो जोड सोडवला. टोकावर मोजा घालायला तो शोधायला लागलो आणि आठवलं, तो हिने वर नेला होता. म्हणून माझाच रुमाल बांधला. वेढ्यावर वेढे, गाठीवर गाठी. बांधता बांधता कळलं, की त्या माणसाने मोजा बांधून काही अडवलं नव्हतं. त्याने फक्त घंटा बंद केली होती. त्याच्या घरी त्या मोज्याची जोडी कुणाच्या पायात होती, ते मला माहीत नाही. नंतर त्याला फोन लावून बघितला, तो नंबर आता कुणाचाच नाही म्हणे.

स्क्रीनही काढून टाकले. चावी खिळ्याला लटकवली. वर गेलो. ही माऊच्या कपाटासमोर बसून कपडे नीट लावत होती. सगळ्यात वरच्या खणात, माऊच्या मोज्यांच्या शेजारी, तो एकटा मोजा होता. धुतलेला, घडी घातलेला.

"ऐक," मी म्हणालो, "ती माऊ नाही. गाडी आता बंद. पुन्हा कुणी त्यात बसायचं नाही."

वाटलं, ती रडेल, भांडेल, मला वेड्यात काढेल. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"ती माऊ नाही ते. पहिल्या दिवसापासून माहीत आहे." तिने एक फ्रॉक मांडीवर ठेवून हाताने सारखा केला. "आपल्या माऊचा हात मी चोळायची ना, तो गरम व्हायचा. थोडा वेळ लागायचा, पण व्हायचा. हिचा होत नाही. मी कितीही चोळला तरी होत नाही."

"आणि तरी तू..."

"कुणाची तरी असेलच ना रे ती," ही म्हणाली. "मागे एकटीच बसून राहिलेली. कुणी कधी दार उघडून 'चल, घर आलं' म्हटलंच नसेल."

मी पायऱ्यांकडे बघितलं. रोज संध्याकाळी ती हात धरून जी चढून यायची, त्या पायऱ्यांकडे. मी गाडीचा जोड सोडवून आलो होतो, आणि गाडीत आता होतंच कोण?

झालं ते इतकंच. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. घर शांत आहे, तुम्ही बघताच आहात. ही बरी आहे, पूर्वीपेक्षा बरी आहे. कधी कधी आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज येतो आणि मी उठून ठकी कुठे आहे ते आधी बघतो. गाडी विकायचाही विचार केला होता. पण कुणाला विकू? ज्याच्या घरात मुलं आहेत त्याला?

ठकीला आम्ही मधल्या खोलीतल्या मोठ्या पलंगावर झोपवतो. पलंग असा, की चार माणसं आडवी होतील. मागच्या महिन्यात एकदा दिवेलागणीला ती तशीच झोपी गेली म्हणून बघायला गेलो, तर ती पार डाव्या कडेला, पडता पडता वाचलेली. मी तिला उचलून मधे सरकवायला लागलो. तिने झोपेतच कपाळाला आठी घातली.

"बाबा, दाटी होते..."

चिमण्यांचा विनोद तोंडावर आला आणि तिथेच विरला. मी पलंगाच्या कडेला बसलो, तिच्या पांघरुणात हात घातला. डावा हात उबदार होता. मग उजवा शोधला.

म्हणून दिवा विझवत नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी तिच्याजवळ बसतो, तिचा उजवा हात माझ्या दोन्ही तळव्यांत धरून चोळतो. अजून गरम होतो, बरं का. फक्त रोज थोडा जास्त वेळ लागतो.